सोयऱ्यांच्या शिव्या आणि बाहेरचे परीक्षक

आमच्याकडे पीएच.डी.ची तारीख वाघ ठरवतो. हसू नका. प्रबंध जमा होतो, अहवाल येतात, सगळं रीतसर होतं, आणि मग तोंडी परीक्षेची तारीख काही केल्या निघत नाही. का? तर बाहेरच्या परीक्षकांना ताडोब्याचं बुकिंग मिळत नसतं. दूरच्या मोठ्या शहरातला विद्वान चंद्रपूरच्या उन्हात माझी परीक्षा घ्यायला कशाला येईल? तो येतो वाघ बघायला, आणि आलाच आहे तर जाता जाता एखाद्याला डॉक्टर करून जातो. माझ्या गाईड सरांनी फोनवर मला पहिला प्रश्न विचारला तो प्रबंधाबद्दल नव्हताच.

"गेट कोणतं भेटून राह्यलं तुले? मोहर्ली, का चिमूरकडचं?"

"सर, सादरीकरणात काही बदल करायचे का?"

"ते राहू दे गं. सकाळची सफारी पाह्य. दुपारी वाघ झोपून राह्यते."

मग मी सकाळच्या सफारीचं बुकिंग पाहिलं. उघडी जिप्सी पाहिली, कारण बाहेरचे परीक्षक, म्हणजे साहेब, कॅमेरावाले होते. ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत, ओळखीच्यांच्या ओळखीने विश्रामगृहाची खोली पाहिली, एसी चालतो का ते स्वतः जाऊन चालवून पाहिलं. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला जे जे यावं लागतं ते सगळं मी त्या आठवड्यात शिकले.

मी आरमोरीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मी मॅडम, सुट्टी लागली की कोणी नाही. वर्षानुवर्षांनी तिथे एक कायमची जागा निघाली होती आणि मुलाखत पुढच्या महिन्यात होती. नावामागे 'डॉ.' नसेल तर त्या मुलाखतीला जाणं म्हणजे नुसता चहा पिऊन येणं, आणि तोही देतील याची खात्री नाही. ही जागा हुकली तर पुढची माझ्या निवृत्तीच्या वयानंतर निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ही परीक्षा, म्हणून जिप्सी, म्हणून एसी.

मराठी शिकवते खरी, पण माझ्या घरची भाषा तेलुगू. तेलंगणाच्या सीमेवर सिरोंच्याकडचं आमचं गाव, नदीवर मासे धरून जगणारी आमची माणसं. आमच्यात सोयरिकी नदी धरून होतात. खालच्या अंगाची माणसं तेलुगू बोलतात, वर वैनगंगेकडे आरमोरीपर्यंत गेलं की तीच आमची माणसं मराठी बोलतात. जात एक, जाळं एक, भाषा दोन. लग्नात नवरीकडच्या बायका वऱ्हाडाला गाण्यातून शिव्या देतात, हे पुष्कळ ठिकाणी आहे. पण आमच्याकडे त्याला एक पक्का नियम आहे. शिवी द्यायची ती वऱ्हाडाच्या भाषेत. त्यांना कळलीच नाही तर ती शिवी कसली, नुसता घसा कोरडा. आणि समोरच्याला न कळणारी शिवी देणारी बाई लग्नभर टिंगलीचा विषय होते, ते वेगळंच.

त्यामुळे लग्न ठरलं की आमच्याकडच्या बायका साड्या-बांगड्यांच्या आधी शिव्यांच्या तयारीला लागतात. वरच्या अंगाहून आलेली एखादी सून गाठायची, तिच्याकडून मराठी शब्द घ्यायचे, घोकायचे, चालीवर बसवायचे. माझ्या आईला मराठीत 'या, बसा' म्हणायला नंतर आलं. त्याआधी तिला हे येत होतं (डोंगा म्हणजे आमची मासे धरायची होडी):

विहीण बसली डोंग्यात, डोंगा म्हणते उतर,
मासोळी आली पाह्याले, पाण्याले सुटली थरथर.

तिकडे आरमोरीकडे मुलगी तेलुगू घरात द्यायची असली की त्या मराठी बायकाही अशाच तेलुगू शिव्या घोकत बसतात. उच्चार असे की ऐकणाऱ्या तेलुगू पाहुण्यांची हसून हसून पुरेवाट होते. आणि मांडवात दोन्ही बाजू फारच तापल्या की शेजारच्या गोंड बायका आपली गोंडी गाणी सुरू करतात. त्यात नवरीकडच्यांना शिव्या, नवरदेवाकडच्यांनाही सारख्याच शिव्या, मग दोन्ही बाजू मिळून हसतात आणि तिथे भांडण मिटतं. असं हे. यावर मी प्रबंध लिहिला. एक प्रकरण मराठी गाण्यांचं, एक तेलुगूचं, एक गोंडीचं. मराठी विभागातच लिहिला, कारण तुलनेचा विभाग आमच्याकडे नाही. तुलना आम्ही फक्त पगाराची करतो.

परीक्षेला आई येणार म्हणून हटून बसली. सिरोंच्याहून एस.टी.ने हाडं खिळखिळी करून घेत ती आली, पिशवीत सुक्या झिंग्यांची चटणी घेऊन. मी म्हटलं, "अम्मा, तुला तिथे काय कळणार आहे?" ती म्हणाली, "माझीच गाणी आहेत ना? मग मला नाही तर कोणाला कळणार?" तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं, असं नियम सांगतो. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माझी आई नसणार, पण त्याला इलाज नाही.

साहेब आदल्या दिवशी आले. माणूस गोड. बहुभाषिकता हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय, त्यावर त्यांची पुस्तकं, भाषणं, परदेशच्या वाऱ्या. गाडीत मला त्यांनी स्वतःच सांगितलं की ते फ्रेंच वाचतात, इंग्रजीतून. बंगाली वाचतात, इंग्रजीतून. तमिळवर तर त्यांचा विशेष जीव, तीही इंग्रजीतून. इंग्रजी मात्र ते मुळातून वाचतात. घरी हिंदी बोलतात, पण तिला ते भाषा मोजत नव्हते बहुतेक.

सकाळच्या सफारीत वाघ दिसला नाही. आता वाघाने तरी काय करावं, त्याला माझ्या मुलाखतीची तारीख कोणी कळवली नव्हती. चितळं दिसली, रानडुकरं दिसली, एक मोर तर रस्त्याच्या मधोमध पिसारा फुलवून उभा राहिला. साहेबांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि परतीच्या वाटेवर टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. गाईड सर पुढच्या सीटवरून मागे वळून मला डोळ्यांनी विचारत होते, आता कसं? जसा काही वाघ मीच लपवला होता.

तर अशा मूडमध्ये परीक्षा सुरू झाली. खोलीत विभागाची मंडळी, शेवटच्या बाकावर आई, मांडीवर पिशवी. मी अर्धा तास हिंदीत बोलले, कारण साहेबांना मराठी येत नव्हती; माझा प्रबंधही त्यांनी इंग्रजी सारांशावरूनच वाचला होता. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"यह सब ठीक है," ते म्हणाले, "लेकिन इनमें ओरिजिनल कौन-सा है?"

मी सांगितलं की मूळ आणि भाषांतर असं काही नाही. ज्याला शिवी द्यायची त्याच्या भाषेत गाणं थेट रचतात.

"पर कोई एक तो मूल होगा. तेलुगू माँओं के मन में तेलुगू ही होगी न?"

मी म्हटलं, सर, मनात शिवी असते. साहेबांना ते आवडलं नाही. गाईड सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

मग साहेब मुद्द्यावर आले. हा मराठी विभाग, ही मराठीची पदवी. मराठी गाण्यांचं प्रकरण राहू द्या, सुंदर आहे. तेलुगू आणि गोंडीची दोन प्रकरणं काढून टाका, ती या विषयाच्या कक्षेत बसत नाहीत. शिवाय अश्लीलतेचाही प्रश्न आहे. एवढं केलंत तर पदवीची शिफारस करायला मला आनंद वाटेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की सर, मराठी म्हणून जे प्रकरण आपण ठेवता आहात, ती सगळी गाणी तेलुगू बायकांनी रचली आहेत. आणि तेलुगू म्हणून जे काढायला सांगता आहात, ते सगळं मराठी बायकांचं आहे. मराठी विभागातून मराठी बायकांनाच बाहेर काढायचं का?

खोलीत कोणीतरी खोकलं. साहेब थोडे गोंधळले, पण विद्वान माणूस, लगेच सावरले. "मराठी औरतों की तेलुगू? वह तो अशुद्ध होगी."

"हो सर. पूर्ण अशुद्ध. त्याच्यासाठीच तर पाहुणे थांबतात," मीही हिंदीतच म्हटलं.

"मग तर काढायलाच हवं," असं ते हिंदीत म्हणाले, आणि विभागातल्या दोघांनी माना डोलावल्या. त्यातले एक परवापर्यंत मला 'फार मोलाचं काम करून राह्यली तू' म्हणत होते. गाईड सर माझ्या कानाशी आले. घाबरट माणूस, पण वाईट नाही. माझ्यासाठी त्यांनी पुष्कळ खेटे घातले होते. "हो म्हण," ते कुजबुजले. "हो म्हणून टाक ना, माय. दोन प्रकरणांपायी जिंदगी नको नासवू. मंग पुस्तक काढशील तवा घाल सारे गाणे."

पुस्तक! कोण काढतंय पुस्तक. पण ती मुलाखत माझ्या डोळ्यांपुढे उभी होती. तासिकांचं वेळापत्रक, दर उन्हाळ्यात बेवारशी होणं, चाळिशी ओलांडलेल्या बाईला प्राचार्यांनी 'पाहू पुढच्या सत्रात' म्हणणं, सगळं उभं होतं. मी म्हटलं, "जी सर. काढते."

टाळ्या वाजल्या. आईने शेवटच्या बाकावरून सगळ्यांचं बघून टाळ्या वाजवल्या, आणि मला त्या वेळी कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. परीक्षकांच्या अहवालावर सही होते ती जेवणानंतर. का, ते कोणी विचारत नाही. जेवण उमेदवाराचं असतं, आणि गोड खाऊन, हात धुऊन, पान तोंडात गेलं की मग कागद पुढे येतो. तोवर सगळं तोंडी. मी सावजी रस्सा सांगितला होता, भाकरी, भात, साहेबांसाठी पनीर, आणि त्यांना शेवटी गोडात काय आवडतं हे त्यांच्या विद्यापीठात फोन करून विचारून घेतलं होतं. आईने आपली झिंग्यांची चटणी काढून सगळ्यांच्या पानात स्वतः वाढली. साहेबांनी पनीर खाणारे असूनही चटणी बोटाने चाखली आणि "वाह" म्हणाले. खरंच गोड माणूस. राग धरायला जागा देत नव्हता, हाच तर राग होता.

जेवता जेवता आईने मला तेलुगूत विचारलं की माझी गाणी त्यांना आवडली का. मी तिच्या पानात आणखी भात वाढला. तिने पुन्हा विचारलं. मग मी सांगितलं, की तुझी मराठी गाणी ठेवणार, वरच्या अंगाच्या बायकांची तेलुगू गाणी आणि गोंड बायकांची काढणार. मी हो म्हटलं.

आई भात कालवायची थांबली. "त्यांच्या शिव्या काढल्या," ती म्हणाली, "आणि माझ्याच ठेवल्या? म्हणजे मी एकटीच शिव्या देत बसले, आणि मला उलटून कोणी दिल्याच नाहीत? असं कुठे लग्न होतं का, बिड्डा?"

माझ्या तोंडचा घास तोंडात राहिला. सगळा प्रबंध लिहून मला हे असं एका वाक्यात सुचलं नव्हतं म्हणून नाही. आई दुखावली होती, आणि ते माझ्या 'जी सर'मुळे, म्हणून.

तेवढ्यात साहेब मोबाईल घेऊन आले. पोट भरलं होतं, वाघाचं दुःख जरा कमी झालं होतं. "अम्माजी, एक गीत हो जाए? छोटा-सा वीडियो. मेरे अगले सेमिनार में दिखाऊँगा." परदेशातल्या परिषदेत बहुभाषिकतेवर बोलताना पडद्यावर माझी आई. प्रबंधात तीन भाषा नकोत, पण पडद्यावर बहुभाषिकता चालेल.

आईने हात धुतला, पदराला पुसला, आणि ती मराठीत बोलली. तिची ती शिकलेली मराठी, लग्नात कमावलेली. "माह्या पोरीच्या पुस्तकातले गाणे तुमीच काढून राह्यले ना?"

गाईड सर पटकन म्हणाले, "बाई, थोडीशी दुरुस्ती हाये फक्त."

"मंग गाणं नाई," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "शिव्या सोयऱ्यालेच देतो आमी. तुमी सोयरे नाई."

साहेब हसतमुखाने आमच्याकडे बघत राहिले, मोबाईल तसाच वर धरलेला. "क्या कह रही हैं?"

आणि गाईड सरांनी तत्काळ, एका दमात भाषांतर केलं. "गला बैठा है, सर. कह रही हैं, गला बैठा है."

"ओह हो. गरम पानी लीजिए, अम्माजी," साहेब म्हणाले आणि मोबाईल खिशात ठेवला.

मी बघत होते. आई माझ्याकडे बघत होती. तिला हिंदी जेमतेम येते, पण साहेबांच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही हे बघायला हिंदी लागत नाही. सर मला डोळ्यांनी विनवत होते. आत टेबलावर अहवालाचा कागद टाचणीसकट तयार होता, शेजारी पेन. पानदानाच्या पलीकडे माझी नोकरी होती. एक शब्दही बोलायची गरज नव्हती. गप्प बसायचं, पान पुढे करायचं, बस.

"सर," मी म्हटलं, "गला ठीक है. माँ कह रही है कि हम गाली सिर्फ़ रिश्तेदारों को देते हैं, और आप हमारे रिश्तेदार नहीं हैं."

सरांनी "अगं" म्हणून माझा दंड धरला. मी सोडवला. एकदा तोंड उघडलं की माझं बंद होत नाही, हा आमच्या घरचाच रोग आहे.

"और मैंने जो 'जी सर' कहा था, वह वापस लेती हूँ. दोनों अध्याय रहेंगे."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. त्यांनी "आय सी" म्हटलं, आईला नमस्कार केला, आणि आत गेले. पान खाल्लं नाही. थोड्या वेळाने कागदावर सही झाली, ती 'सुधारणा करून प्रबंध पुन्हा सादर करावा' या ओळीखाली. पुन्हा सादर म्हणजे पुन्हा अहवाल, पुन्हा परीक्षक, पुन्हा वाघ. पुढच्या महिन्यातली मुलाखत माझ्यासाठी त्या सहीने संपली.

गाईड सर व्हरांड्यात डोकं धरून बसले होते. "दोन मिनिटं थांबता नाई आलं का तुले?" ते म्हणाले. "सही होऊ द्यायची होती ना! मंग काय बोलाचं ते बोलाचं होतं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला, आणि दोन्ही खरं होतं. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण वर बघितलं नाही.

आरमोरीच्या गाडीला वेळ होता. चंद्रपूरच्या स्टँडवर बाकड्यावर आम्ही दोघी बसलो. आईने पिशवीतून उरलेली भाकरी काढली, ती मला खाववेना. शूर वगैरे काही वाटत नव्हतं, मूर्ख वाटत होतं. उद्या सकाळी पुन्हा त्याच वर्गात, तासाच्या हिशोबाने, आणि पुढच्या वर्षी तिथे कोणी दुसरं कायमचं बसलेलं असेल. मला मोठ्याने रडायचं होतं, पण स्टँडवर माझे दोन विद्यार्थी उभे होते आणि ते मला नमस्कार करून गेले.

"जागा गेली?" आईने तेलुगूत विचारलं.

"गेली."

तिने भाकरी पुन्हा पिशवीत घातली. गावात तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी आता पक्की होणार म्हणून.

"मी जे म्हटलं," मग ती म्हणाली, "ते तू त्याला नीट सांगितलंस ना? सरांसारखं गोड करून नाही ना सांगितलंस?"

"नाही, अम्मा. जसंच्या तसं सांगितलं."

"कळलं त्याला?"

"कळलं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि पदराने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.